शेतकऱ्यांना जस्ताचा मुलामा

पत्र असं आहे:

«बाई, सादर नमस्कार. मी पारोळा तालुक्यातला. वडिलांचं वेल्डिंगचं दुकान आहे. सकाळी मी दुकानात असतो, दुपारनंतर अभ्यासिकेत. गेल्या आठवड्यात सराव पेपरात इंग्रजीचा उतारा आला. फैजपूरच्या अधिवेशनाने खानदेशातल्या शेतकऱ्यांना 'गॅल्व्हनाइज' केलं, असं त्यात वाक्य होतं. हा शब्द मला दुकानामुळे माहीत, म्हणून बिनधास्त लिहिलं, 'शेतकऱ्यांना जस्ताचा मुलामा दिला.' सरांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. आता अभ्यासिकेत मला 'जी.आय.' म्हणतात, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड आयर्न, जस्ती लोखंड. सर म्हणाले, अर्थ 'मोटिव्हेट' आहे, पाठ कर. मग मोटिव्हेटच का नाही लिहिलं? आणि जस्ताचा नि मोटिव्हेशनचा संबंध काय?

निबंधात मी 'माय फादर गॅल्व्हनाइज्ड मी' असं लिहिणार आहे. वडील रोज रात्री विचारतात, आज काय वाचलं. मागच्या वर्षी पूर्वपरीक्षेत तीन मार्कांनी गेलो, त्या रात्री मात्र काहीच बोलले नाहीत. दुकानात जाऊन दोन वाजेपर्यंत एक गेट पूर्ण करत बसले. दुसऱ्या दिवसापासून मी खरा अभ्यासाला लागलो. वाक्य बरोबर आहे का? आणि एक. पहाटे उठतो पण अभ्यासाची इच्छाच होत नाही. मोबाइलवर मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघतो. अर्धा तास बरं वाटतं, मग पुन्हा तेच. काय करू?»

भाऊ,

खोटं कशाला बोलू, तुझं वाक्य वाचून मीही हसले. फैजपूरला ओळीने बसलेले शेतकरी, आणि कुणीतरी बादली-ब्रश घेऊन एकेकाला चंदेरी करत चाललाय, असं चित्रच डोळ्यांसमोर आलं. हसू ओसरल्यावर पत्र दुसऱ्यांदा वाचलं. मग वाटलं, त्या दिवशी अभ्यासिकेत या शब्दाची खरी ओळख असलेला तू एकटाच होतास. बाकीच्यांनी तो पाठ केलेला. तू तो कापलेला आहेस, वाकवलेला आहेस, त्याला ड्रिलने भोकं पाडलेली आहेस. या शब्दाला दोन पोरं आहेत. तू दुसऱ्याचा हात धरलास, एवढीच तुझी चूक.

'अर्थ मोटिव्हेट आहे, पाठ कर' हे उत्तर मीही वर्गात कितीदा दिलंय. तास संपायला चार मिनिटं, पोर्शन अर्धा बाकी, अशा वेळी मास्तर माणूस असंच बोलतो. पण ते उत्तर अर्धं आहे, आणि अर्ध्या उत्तरावर निबंध लिहिला की फजिती होते. तेव्हा जरा मुळापासून सांगते. घाई असली तर दुकानातलं गिऱ्हाईक आधी बघून ये.

इटलीत बोलोन्या नावाचं शहर आहे. तिथल्या विद्यापीठात लुइजी गॅल्व्हानी नावाचे प्राध्यापक शरीररचनाशास्त्र शिकवायचे. जन्म १७३७चा. १७८०च्या दशकात त्यांच्या टेबलावर बेडकांची फाडाफाड चालायची. आमच्या वेळी कॉलेजात पोरं नाक दाबून करायची, तशीच. बेडकाच्या मागच्या दोन तंगड्या, वर मज्जातंतू उघडे पडलेले, आणि त्याच खोलीत हाताने फिरवून वीज तयार करायचं यंत्र. सहायकाने सुरीचं टोक मज्जातंतूला टेकवलं आणि नेमकी त्याच क्षणी यंत्रातून ठिणगी उडाली. मेलेल्या बेडकाची तंगडी ताडकन झटकली.

तो बेडूक केव्हाच मेलेला होता हे विसरू नकोस. अर्ध्या शब्दार्थाचं मूळ तिथंच आहे.

पुढे असंही दिसलं की पितळी आकड्याला अडकवलेली तंगडी लोखंडी कठड्याला टेकली तर यंत्र नसतानाही फडफडते. गॅल्व्हानींनी १७९१ मध्ये प्रबंध छापला आणि सांगितलं की ही वीज प्राण्याच्या अंगातलीच आहे. पावियाचे प्राध्यापक अलेस्सांद्रो व्होल्टा म्हणाले, छे, बेडूक बिचारा निमित्त आहे. वीज आहे ती दोन वेगळ्या धातूंच्या जोडीत. दोघांचा वाद चांगला रंगला. आपलं म्हणणं खरं करायला व्होल्टांनी दोन धातूंच्या चकत्या एकावर एक रचल्या, मध्ये खारट पाण्यात भिजवलेले तुकडे घातले, आणि १८०० साली जगाला पहिली बॅटरी मिळाली. त्या चकत्यांतला एक धातू होता जस्त. तेवढं ध्यानात ठेव, पुढे लागणार आहे. गॅल्व्हानी मात्र हे बघायला राहिले नाहीत, ते १७९८ मध्येच गेले. आज आपल्याला माहीत आहे की दोघंही थोडे थोडे बरोबर होते. हृदयाची वीज कागदावर उमटते तोच आपला ईसीजी.

आता मामाचं काम भाच्याने किंवा काकाचं पुतण्याने पुढे नेणं हे काही आपल्याकडेच होतं असं नाही. गॅल्व्हानींचा भाचा जोव्हान्नी आल्दिनी १८०३ मध्ये लंडनला गेला आणि फाशी दिलेल्या एका गुन्हेगाराच्या प्रेताला त्याने बॅटरीच्या तारा लावल्या. जबडा थरथरला, एक डोळा उघडला. बघणाऱ्यांची काय अवस्था झाली असेल! पेपरवाल्यांना, लेखकांना, भाषणं ठोकणाऱ्यांना आयता शब्द मिळाला. निपचित पडलेलं काहीतरी बाहेरच्या झटक्याने एकदम हललं की म्हणायचं, 'गॅल्व्हनाइज' झालं. बेडकावरून प्रेतावर, प्रेतावरून जिवंत माणसांवर असा त्या शब्दाचा प्रवास.

तुझा उतारा आता बघ. काँग्रेसचं अधिवेशन तोवर शहरांत भरायचं. डिसेंबर १९३६ मध्ये ते पहिल्यांदा एका खेड्यात भरलं, आपल्या यावल तालुक्यातल्या फैजपूरला. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. ज्या शेतकऱ्याने पुढारी फक्त छापील फोटोत बघितला होता, त्याच्या बांधापर्यंत अख्खी काँग्रेस चालत आली. हा झटका होता. म्हणून उताऱ्याच्या लेखकाने 'मोटिव्हेट' लिहिलं नाही. मोटिव्हेट हा चालता-बोलता, सभ्य, जरा पांढरपेशा शब्द. पगारवाढीने माणूस मोटिव्हेट होतो, कंपनीच्या मीटिंगमध्ये होतो. त्याला किती वेळ लागला, आधी माणूस झोपलेला होता की बसलेला, याचा त्या शब्दात काही पत्ता नाही. 'गॅल्व्हनाइज'मध्ये मात्र आधीचं निपचित पडणं आहे, झटका आहे आणि त्याच क्षणीचं उठणं आहे. तिन्ही एका शब्दात. यातलं एक जरी नसलं तर तो शब्द वापरू नये, असं माझं मत.

मग मराठीत काय लिहायचं? आपल्या वर्तमानपत्रांनी 'प्रशासन खडबडून जागे झाले' हे इतकं घासलंय की त्यात आता ना खडबड उरलीय ना जाग. तरी अर्थाने ते सगळ्यात जवळचं. 'पेटून उठले' म्हणावं तर त्यात राग येतो, आणि गॅल्व्हनाइजमध्ये राग असलाच पाहिजे असं नाही. 'हुरूप आला' फार मऊ. 'स्फुरण चढलं' म्हटलं की पोवाडा ऐकू येतो. मी असते तर लिहिलं असतं, 'फैजपूरच्या अधिवेशनाने खानदेशातला शेतकरी अंग झटकून उभा राहिला.' त्यात झटकाही आहे आणि उभं राहणंही.

आता तुझा खरा प्रश्न, जस्ताचा. सरांनी तो टोलवला, पण तो सगळ्यात चांगला प्रश्न होता.

पत्र्याला जस्त चढवण्याच्या पद्धतीचं पेटंट स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच अभियंत्याने १८३७ मध्ये घेतलं. लोखंड आम्लात धुऊन स्वच्छ करायचं आणि वितळलेल्या जस्ताच्या कुंडात बुडवून काढायचं. कुंडाचं तापमान साधारण ४५० अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्या जळगाव-भुसावळच्या मे महिन्याच्या दहापट. (विज्ञानाचे मास्तर म्हणतील, सेल्सिअसचा असा गुणाकार करत नाहीत. त्यांनी मे महिन्यात भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून म्हणावं.) या सगळ्यात विजेची तार कुठेच लावलेली नाही. मग गॅल्व्हानींचं नाव का? कारण लोखंड आणि जस्त एकमेकांना चिकटलेले, वरून पावसाचं पाणी. म्हणजे पुन्हा दोन धातूंची जोडी, पुन्हा ओल. कठड्यावरच्या बेडकाचीच गोष्ट. ओल लागली की तिथं एक इवलीशी बॅटरी चालू होते आणि तिच्यात जस्त आधी झिजतं. जस्त आहे तोवर लोखंडाला गंज हात लावत नाही.

नुसता रंग आणि जस्त यांत फरक तो इथं. रंगाला ओरखडा पडला की त्या ओरखड्यातूनच गंज शिरतो आणि आतून पोखरत जातो. जस्ताला छोटा ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त त्या उघड्या जागेची राखण करतं. आमच्या घरी धान्याची जस्ती पत्र्याची कोठी होती. ज्वारी ठेवायची. नवी होती तेव्हा तिच्या पत्र्यावर ती पांढरट फुलं-फुलं दिसायची ना, थंडीत काचेवर बर्फ धरल्यासारखी, ती बघत मी बसायचे. दुसरीत असताना खिळ्याने त्या फुलांवर माझं नाव कोरलं. 'र'ची शेपूट लांबली म्हणून आईचे दोन धपाटे खाल्ले. कोठी आता भावाकडे आहे, बुडाला गंजलीय, पण नावाचा ओरखडा अजून राखाडीच आहे, तांबडा झालेला नाही. गेल्या दिवाळीत मुद्दाम वाकून बघितला.

तर एकाच माणसाच्या नावावरून हे दोन अर्थ निघाले. एक झटक्याचा, क्षणभराचा. दुसरा राखणीचा, वर्षानुवर्षांचा. स्वभावाने अगदी उलटे. इंग्रजीत माणसांबद्दल बोलताना जवळजवळ नेहमी पहिलाच घेतात.

जवळजवळ म्हटलं, कारण तुझ्या बाजूचा एक पुरावा माझ्याकडे आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, दक्षिणेचे जे सैनिक उत्तरेच्या कैदेत पडले त्यांतल्या काहींनी उत्तरेशी निष्ठेची शपथ घेतली आणि तिकडचाच निळा गणवेश चढवला. लोक त्यांना म्हणायचे 'गॅल्व्हनाइज्ड यँकीज'. आत दक्षिणेचं लोखंड, वरून उत्तरेचा मुलामा. म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली माणसं इंग्रजीत खरोखर होऊन गेली! सरांना हे सांग. पण नम्रपणे सांग, मार्क त्यांच्या हातात आहेत.

झटक्याचा अर्थ नीट डोक्यात बसावा म्हणून माझ्या नोकरीतली गोष्ट सांगते. शाळेचं नाव सांगत नाही. मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हतं. होतं ते म्हणजे चार बांबू आणि तीन बाजूंना तट्ट्या, चौथ्या बाजूला गोणपाट. सहा वर्षं प्रत्येक सभेत विषय निघायचा. विरोध कुणाचाच नाही. सगळ्यांना पटलेलं. चहा यायचा, विषय पुढच्या सभेवर जायचा. एका श्रावणात गोणपाटाच्या मागून साप निघाला. आठवीच्या दोघी किंचाळत बाहेर पळाल्या आणि समितीचे एक सभासद नेमके फाटकात उभे होते. सातव्या दिवशी विटा आल्या. पंधराव्या दिवशी भिंती खांद्याएवढ्या.

'द स्नेक गॅल्व्हनाइज्ड द कमिटी.' याहून चांगलं वाक्य मला आजवर सुचलेलं नाही. यात सापाचा हेतू समितीला प्रेरणा द्यायचा नव्हता, हे बघ. या शब्दाचा कर्ता मित्र असावा लागत नाही, शहाणा असावा लागत नाही, जिवंतसुद्धा असावा लागत नाही. बातमी, अपघात, अपमान, निकाल, काहीही चालतं. म्हणून तर पेपरात येतं, 'द डिसिजन गॅल्व्हनाइज्ड द ऑपोझिशन.' ज्याने निर्णय घेतला त्याला ते नकोच होतं.

आणि पुढचंही ऐक. भिंती छतापर्यंत आल्या आणि काम थांबलं. साप विसरला गेला. बेडकाची तंगडीही एकदा झटकली की पुन्हा खाली पडते. चार-पाच महिने त्या भिंती उघड्याच. शेवटी आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाई दर शनिवारी, शाळा सुटली की, अध्यक्षांच्या ओट्यावर जाऊन बसायला लागल्या. भांडण नाही, तक्रार नाही. 'पत्रे आले का?' एवढंच विचारायच्या आणि चहा न घेता उठायच्या. अकराव्या की बाराव्या शनिवारी पत्रे आले. जस्तीच होते.

त्या शिवणाच्या बाईंना इंग्रजीत काय म्हणायचं? गॅल्व्हनाइज तर नाहीच. त्यांनी केलं ते 'प्रॉड' किंवा 'गोड'. हा गोड आपला खायचा नाही. गोड म्हणजे पराणी, बैलाला टोचायची, टोकाला आर असलेली काठी. शब्दशः पराणी, आणि अर्थही तोच: न दमता मागून टोचत राहणं. तसाच 'स्पर'. सारंगखेड्याला दत्तजयंतीचा घोडेबाजार बघितला असशील. घोडेस्वाराच्या बुटाच्या टाचेला लावायचा जो काटा, तो स्पर. आपण 'टाच मारली' म्हणतो तेच. पण टाच चालत्या घोड्याला मारतात, अधिक पळावा म्हणून. आणि पराणी चालणाऱ्या बैलाला, थांबू नये म्हणून. गॅल्व्हनाइज हे पडलेल्याला. 'इन्सिन्टिव्ह' माहीत आहे ना, सरकारी पत्रकात येतो तो? त्याचं लॅटिन मूळ गाण्याशी जाऊन भिडतं, सूर लावून देणं. 'इन्स्पायर' म्हणजे आत श्वास फुंकणं. १९२४ ते १९३० साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिकवत होते. वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडायचे. त्यांनी त्या मुलांना केलं ते 'इन्स्पायर'. आणि १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहाने देशाला, शाळा सोडून निघालेल्या गुरुजींसकट, जे केलं ते 'गॅल्व्हनाइज'.

आमची आजी पहाटे ओरडायची, 'ऊठ रे पोऱ्या, कितला झोपस!' ती पराणी. आणि पांघरुणात विंचू निघाला तर... जाऊ दे, कळलं तुला.

आता वापराचं थोडक्यात. हा शब्द कुणाला तरी लावावा लागतो, नुसता सोडता येत नाही. त्याच्यामागे बहुतेक वेळा 'इन्टू' येतं: 'द न्यूज गॅल्व्हनाइज्ड देम इन्टू ॲक्शन.' 'टू स्टडी' असं लिहू नकोस, 'इन्टू स्टडीइंग' लिही. 'गॅल्व्हनाइज सपोर्ट', 'गॅल्व्हनाइज पब्लिक ओपिनियन' हेही चालतं. तिथं अर्थ होतो, पसरलेला, सुस्त पडलेला पाठिंबा एकदम एकवटणं. स्वतःच स्वतःला गॅल्व्हनाइज केलं असं सहसा लिहीत नाहीत. कारण उघड आहे, बेडकाने स्वतः सुरी धरली नव्हती. 'रोज', 'हळूहळू', 'नेहमी' या शब्दांशी त्याचं जमत नाही. स्पेलिंगमध्ये शेवटी झेड की एस? दोन्ही बरोबर. आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रं बहुधा एस लिहितात, अमेरिकन झेड. तू एक धर आणि पूर्ण निबंधभर तेच ठेव. पहिल्या पानावर झेड नि तिसऱ्यावर एस, हे तपासणाऱ्याला पहिल्यांदा दिसतं.

आता 'माय फादर गॅल्व्हनाइज्ड मी'. व्याकरणाने बिनचूक. पण तू सांगतोस ते वडील त्या वाक्यात नाहीत. रोज रात्री 'आज काय वाचलं' विचारणारा माणूस झटका देत नाही. त्यांच्यासाठी साधं, भरवशाचं इंग्रजी आहे: 'माय फादर केप्ट मी ॲट इट.' चार आण्याचे शब्द आहेत, पण नेमके आहेत. परीक्षकाला मोठ्या शब्दाने गार करायला जाऊ नकोस. तो दिवसाला असे ढीगभर निबंध तपासतो आणि त्यांतल्या निम्म्यांत कुणी ना कुणी कुणाला तरी 'इन्स्पायर' केलेलं असतं.

पण तू पत्रात एक रात्र लिहिलीस. निकालाची. ते बोलले नाहीत, गेट जोडत बसले, आणि सकाळी तू वेगळा उठलास. तिथं हा शब्द लागू पडतो. आधी तू पडलेला होतास, बाहेरून काहीतरी आलं, लगेच हललास. मात्र कर्ता वडील करू नकोस, ती रात्र कर, नाहीतर त्यांचं गप्प राहणं: 'हिज सायलेन्स दॅट नाइट गॅल्व्हनाइज्ड मी.' एवढं एकच वाक्य, आणि त्याच्याआधी दोन ओळींत ते गेट. कसलं गेट होतं, कुणाचं होतं, तू कुठून बघत होतास, दाराच्या फटीतून की अंथरुणात पडून ठिणग्यांचा उजेड भिंतीवर, ते लिही. मला ते पत्रात सापडलं नाही आणि सारखं वाटत राहिलं की याने हेच का नाही लिहिलं.

वडिलांचं जस्तासारखं असणं तुझ्या मनात असेल, आणि मला वाटतं आहे, तर 'गॅल्व्हनाइज' शब्दावर भिस्त ठेवू नकोस. वाचणारा झटकाच समजेल. पत्रा, पाऊस, ओरखडा, आधी कोण झिजतं, हे साध्या शब्दांत सांग, इंग्रजीत नाहीतर मराठीत. ही गोष्ट शंभर रुपयांच्या निबंधमालेत मिळत नाही, ती तुझ्या दुकानात आहे.

राहिले पहाटेचे व्हिडिओ. अर्धा तास बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच, असं तूच लिहिलंस. करंट चालू आहे तोवर तंगडी हलते. ते व्हिडिओ करणाऱ्याला तू उद्याही परत यायला हवा असतोस, तुझा पेपर सुटायला हवा असं त्याचं काही अडलेलं नाही. मी सांगेन ते अगदी बिनरसाचं आहे. रात्री झोपण्याआधी उद्याचं गणित नाहीतर उतारा अर्धा सोडवून ठेव. पूर्ण नाही, मुद्दाम अर्धा. वही उघडी, पेन त्यातच, मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. पहाटे इच्छा आहे की नाही ते विचारायचंच नाही, राहिलेलं अर्धं पुरं करायचं. तुम्ही दुकानात शटर वर करता तेव्हा कुठं इच्छा विचारता? आणि रात्री अकरापर्यंत दुकानात हात काळे करून पहाटे चारला उठत असशील तर दोष मोटिव्हेशनचा नाही, झोपेचा आहे. तसं असेल तर पहाट सोड. उन्हाळ्यात आपल्याकडे पहाट हीच काय ती थंड वेळ, हे मला माहीत आहे, पण पावसाळा लागला की दुपारचे दोन तास वापरून बघ.

आणि ते 'जी.आय.'. चिडू नकोस, उलट खुशाल मिरव. अमेरिकन सैनिकाला जगभर 'जी.आय.' म्हणतात. त्याची सुरुवात कुठून झाली माहीत आहे? तिकडच्या लष्कराच्या सामानाच्या याद्यांत जस्ती लोखंडाच्या कचऱ्याच्या डब्यांपुढे 'जी.आय.' लिहायचे, गॅल्व्हनाइज्ड आयर्न. पुढे लोकांनी त्याचा अर्थ सरकारी सामान असा लावला, आणि मग सरकारी सामानातला सैनिकही जी.आय. झाला. अभ्यासिकेत पुढच्या वेळी कुणी हाक मारली तर हे एकदा सांग. डब्याचा भाग गाळलास तरी चालेल.

ता. क. दुकानात जी.आय. पाइप जोडताना पांढरा धूर निघतो, तो जस्ताचा. संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं, सकाळी उतरतं, म्हणून वेल्डर मंडळी मनावर घेत नाहीत. वरून दूध प्यायलं की झालं, असं म्हणतात. दुधाने धूर छातीत जायचा थांबत नाही. जोड घालायच्या जागेचं जस्त आधी घासून काढा, आणि काम दाराशी, वाऱ्यावर करा. शटर अर्धं ओढून रात्री दोनपर्यंत जी.आय.चं गेट जोडायचं नाही, हे वडिलांना तू सांग. माझं नाव घेऊन सांगितलंस तरी चालेल.